अलमेलूबाईंची अकरा मिनिटं

नाही, ऋजुता, आज रात्री मी त्या कॅमेऱ्याला हात लावणार नाही. पिशवीतच राहू दे. तुझ्या शाळेच्या गॅदरिंगची कॅसेट वीस वर्षं कपाटात पडून होती ना, अजून एक रात्र पडेल. उद्या सकाळी ये. उजेडात आधी कॅसेटच्या कडेची खिटी सरकवू आणि मग कॉम्प्युटरला जोडू.

कसली खिटी म्हणतेस? सांगतो. करंट यायला तासभर तरी लागेल, आणि खाली घरात बसलो तर घामानं विरघळू. गच्चीवर वारा तरी आहे. पुष्कर, चटई इकडे ओढ आणि तो मोबाइलचा दिवा बंद कर, डास येतात. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. तुम्ही आयटीवाले, तुमचा कशावर विश्वास नसतो. माझाही नव्हता. इथे चेन्नईत, अंबत्तूरमध्ये पंचवीस वर्षं मी लग्नांची शूटिंगं केली, लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या. मेलेली माणसं पडद्यावर बोलताना पाहणं हा माझा रोजचा धंदा होता. त्यांची मला कधी भीती वाटली नाही.

गुरुमूर्तीराव माझ्या ओळखीचे. तंजावरी मराठी, इथल्याच एका कारखान्यात हेडक्लार्क होते. त्यांच्या घरात तीनशे वर्षांपूर्वीची मराठी बोलत, अधूनमधून तमिळ घालून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. माणूस सज्जन, हिशेबाला चोख, पण हेकट. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातले. त्यांच्या बायकोचं नाव अलमेलू. मुलगा एकच, श्रीवत्स, ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर.

या श्रीवत्सनं लग्न केलं विजयलक्ष्मीशी. मुलगी एन्नोरच्या मच्छीमार वस्तीतली, शिकलेली, बंदरातल्या एका ऑफिसात नोकरी करणारी. गुरुमूर्तीराव म्हणाले, ती बाई माझा जिना चढणार नाही. मुलगा म्हणाला, मग मीही चढणार नाही. झालं. बाप-लेक एकाच शहरात, पन्नास किलोमीटरवर, आणि मधे ती माउली.

ती आजारी पडली. दोन हजार बाराचा फेब्रुवारी. जायच्या नऊ दिवस आधी तिनं नवऱ्याला सांगितलं, तो व्हिडिओ कॅमेरा काढा, मला श्रीवत्साशी बोलायचं आहे. फोनवर बोलायला नवऱ्याची बंदी, म्हणून हा उपाय. गुरुमूर्तीरावांनी कॅमेरा धरला आणि ती अकरा मिनिटं बोलली. काय बोलली ते मला त्यांनीच पुढे सांगितलं. विजयलक्ष्मीला घेऊन ये. मी रागावलेले नाही, कधीच नव्हते. मला माझी सून बघायची आहे. अकरा मिनिटं तेच, वेगवेगळ्या तऱ्हेनं.

ती कॅसेट गुरुमूर्तीरावांनी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

मुलगा आला तो थेट अंत्यविधीला. एकटाच. त्यानं विचारलं, "अप्पा, आई माझ्यासाठी काही बोलली?" आणि या माणसानं बायकोच्या प्रेतापाशी उभं राहून सांगितलं, "नाही."

सात वर्षं त्या पोराला वाटत राहिलं की आई आपल्यावर रागावून गेली. मला राग येतो अजून. माणूस मेलेला आहे, तरी येतो.

मग म्हातारपण आलं. एक डोळा गेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. पाणी द्यायला घरात कोणी नाही. तेव्हा कॅसेट आठवली! दोन हजार एकोणीसच्या पितृपक्षात त्यांनी मुलाला फोन केला. अविधवा नवमी सोमवारी, तेवीस सप्टेंबरला होती. सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात, ते तरी तुम्हाला माहीत आहे ना? म्हणाले, "श्रीवत्सा, ये. तुझ्या आईचे बोलणें आहे मजपाशी, तुझ्यासाठी. दाखवतों." मुलगा म्हणाला, दाखवणार असाल तरच येतो. तुमच्या तोंडून ऐकायला येणार नाही.

आता कॅसेट दाखवायची कशावर? कॅमेऱ्याच्या बाजूचा छोटा पडदा केव्हाच काळा पडलेला. टीव्हीला जोडायची वायर हरवलेली. घरात एक जुना कॉम्प्युटर होता आणि कॅमेऱ्याच्या पिशवीत एक यूएसबीची केबल. शुक्रवारी रात्री त्यांनी मला फोन केला, "माधवराव, तुम्ही यावें. मज हें जोडतां येईना."

मी मैलापूरला एका मुलीच्या अरंगेत्रमचं, पहिल्या जाहीर नाचाचं, शूटिंग करत होतो. स्टेजवर नाच चालू, कानात मृदंग, आणि हे म्हातारं फोनवर. मी म्हटलं, यूएसबी लावा, चित्र येईल, आणि फोन ठेवला. ऋजुता, नीट ऐक, हे तुझ्याही कामाचं आहे. या कॅसेटच्या कॅमेऱ्याला दोन तोंडं असतात. खटका एकीकडे केला की तो कॅसेट वाचतो, दुसरीकडे केला की समोरचं शूटिंग करतो. यूएसबीची केबल लावून खटका कॅसेटवर ठेवला की कॉम्प्युटरला काहीच दिसत नाही, कारण कॅसेट त्या केबलमधून येतच नाही. तिला फायरवायर नावाची वेगळी केबल लागते. पण खटका शूटिंगवर नेला की लगेच चित्र येतं. समोरच्या खोलीचं.

गुरुमूर्तीरावांनी दोन्ही करून पाहिलं. कॅसेटवर काही येईना, शूटिंगवर चित्र आलं. त्यांना वाटलं, जमलं. जन्मभर त्यांनी टेपरेकॉर्डरवर भजनांच्या कॅसेटी उतरवल्या होत्या, एका खणातून दुसऱ्या खणात, लाल बटण दाबून. उतरवायचं म्हणजे लाल बटण, एवढं त्यांच्या बोटांना ठाऊक. त्यांनी कॅसेट मागे नेली, अगदी सुरुवातीला, आणि कॅमेऱ्याचं लाल बटण दाबलं.

कळलं का काय झालं?

बायकोच्या बोलण्यावर त्यांच्या रिकाम्या हॉलचं शूटिंग चढायला लागलं. आणि हा माणूस पडद्यावर आपलाच हॉल बघत, अलमेलू कधी येते याची वाट पाहत बसला. पाच मिनिटं. मग दमला आणि बंद केलं.

कॅसेटच्या कडेला एक बारीक खिटी असते. ती सरकवली की कॅमेरा काही केल्या तिच्यावर दुसरं चढवत नाही. ही खिटी सरकवा, एवढं एक वाक्य मी फोनवर बोललो असतो तर... पण मला घाई होती.

शनिवारी रात्री पुन्हा फोन. मी जेवत होतो. म्हणाले, "माधवराव, अलमेलू येईना हो. निस्ता हॉल दिसतो. माझी पाठ दिसते."

पोरांनो, मी या धंद्यातला माणूस. पाठ दिसते म्हटल्यावर माझ्या हातातला घास गळायला हवा होता. मी काय म्हणालो? म्हणालो, अहो, कॅसेटची सुरुवात रिकामी असते कधीकधी, पुढे चालू ठेवा. चालू ठेवा! आणि ताक मागून घेतलं.

त्यांनी पुढे चालू ठेवलं. त्या रात्रीही पाच मिनिटं गेली.

रविवारी मात्र मी निघालो. बायकोनं हाकललं म्हण हवं तर. तारीख बावीस सप्टेंबर. त्यांच्या घरी पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ चाळीस झाले होते, घड्याळ त्यांच्या दारावरच होतं. दुसरा मजला, खाली मोटारी उभ्या करायची जागा. सोबत फायरवायरची केबल, कॉम्प्युटरमध्ये बसवायचं कार्ड आणि स्क्रू ड्रायव्हर. हॉलमध्ये एका भिंतीला कॉम्प्युटरचं टेबल, त्याच्या उजवीकडे स्वयंपाकघराचं दार. कॅमेरा अलीकडे स्टुलावर, कारण चार्जरची वायर तिथपर्यंतच पोचत होती. तोंड टेबलाकडे. खटका शूटिंगवर.

तो खटका पाहिला आणि मी हातातलं सामान खाली ठेवलं.

"लाल बटण दाबलंत?" मी विचारलं.

"दाबलें की. दोन्ही दिवस. नाहींतर उतरेल कसें?"

मी कॉम्प्युटरचा डबा उघडला, कार्ड बसवलं, केबल जोडली. खटका कॅसेटवर नेला. कॅसेट सुरुवातीला आणली आणि मनात म्हटलं, देवा, काहीतरी राहिलेलं असू दे. सकाळी नऊला मुलगा येणार होता. गुरुमूर्तीराव खुर्चीत बसले होते, दोन्ही हात मांडीवर, शाळेतल्या पोरासारखे. मी त्यांच्या शेजारी उभा.

चित्र सुरू झालं. कोपऱ्यात तारीख, वीस सप्टेंबर. हॉल. टेबल. खुर्चीत गुरुमूर्तीरावांची पाठ.

मी त्यांना सांगितलं, काय झालंय ते. हळू सांगितलं. त्यांना पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. "म्हणजे मींच..." एवढंच म्हणाले.

चित्र चालू होतं. बंद करायला मी हात पुढे केला. आणि तिथेच थांबलो.

पडद्यावर, स्वयंपाकघराच्या दारात, कोणीतरी बसलं होतं.

उंबऱ्याशी. चौकटीला टेकून. एक गुडघा उभा. नऊवारी लुगडं. तोंड गुरुमूर्तीरावांच्या पाठीकडे.

मघाशी तिथे कोणी नव्हतं... येऊन बसलेलीही दिसली नाही. नव्हती, आणि होती.

"अलमेलू," गुरुमूर्तीराव म्हणाले. घाबरून नाही. आनंदानं. त्यांना वाटलं, जुनं चित्र राहिलंय. मी तारखेकडे पाहिलं. वीस सप्टेंबर, दोन हजार एकोणीस.

तिचे ओठ हलत होते. आवाज अगदी बारीक. मी स्पीकर मोठा केला. पंख्याची घरघर... आणि त्याच्या खाली दोन शब्द.

"त्याला द्या."

थांबून पुन्हा.

"त्याला द्या."

आणि पडद्यावरचा म्हातारा पाठमोरा, कॉम्प्युटरकडे बघत पुटपुटतोय, "अजून येईना... अजून येईना..."

तारीख बदलली. एकवीस. शनिवारची रात्र. तोच हॉल, तीच पाठ.

दार रिकामं होतं. मी श्वास सोडला.

मग दिसली. खुर्चीच्या मागे. उभी. त्यांच्या डोक्यापासून वीतभर. कॅमेऱ्याकडे पाठ, त्यांच्यावर वाकलेली, कानाशी.

"त्याला द्या."

पाच मिनिटं. पाच मिनिटं ती बोलत होती. त्यानं एकदाही मान वळवली नाही. मोबाइल काढला. मला फोन लावला. माझ्याशी बोलला. "माधवराव, अलमेलू येईना हो..."

पोरांनो... ती त्याच्या कानाशी होती.

गुरुमूर्तीराव आता रडत होते. कसे ते सांगत नाही. सात वर्षांत एकदा तरी रडायला हवं होतं, तेव्हा नाही रडले.

मग चित्र एकदम बदललं. रंग वेगळे. फेब्रुवारी, दोन हजार बारा. शेवटचं एक मिनिट राहिलं होतं! मला वाटलं, सुटलो. एक मिनिट पुरे. एक वाक्य पुरे.

पडद्यावर खाट. उशी. उशीत डोक्याचा खळगा. पांघरूण अर्धं बाजूला.

खाटेवर कोणी नव्हतं.

कोणीच नाही. आवाज नाही. आणि मग कॅमेऱ्यामागून गुरुमूर्तीरावांचाच आवाज, सात वर्षांपूर्वीचा, करडा.

"पुरे आतां, अलमेलू. तो यायचा नाहीं."

टेप संपली. पडदा निळा झाला.

बायकोच्या अकरा मिनिटांतून त्या माणसाला मागे राहिलं ते हे.

आम्ही बसून राहिलो. म्हणजे ते बसून, मी उभा. मग त्यांनी विचारलं, मान न वळवता.

"माधवराव... माझ्या मागें कोण आहे?"

मी पडद्याकडे बघत राहिलो. निळ्या पडद्याकडे.

"कोण आहे?"

मी नाही पाहिलं. भित्रा म्हणा. नाही पाहिलं.

पंखा फिरत होता. मग ते हलकेच म्हणाले, माझ्याशी नाही, "उद्यां येतो तो. सांगतों. सगळें सांगतों."

मी रात्रभर तिथेच राहिलो. झोप कोणाला येणार?

सकाळी नऊला श्रीवत्स आला. चाळिशीचा, कानाजवळ पिकलेला, वडिलांसारखाच ताठ. एकटाच वर आला. विजयलक्ष्मी खाली गाडीत बसली होती. बोलावणं नवऱ्याला होतं, तिला नव्हतं. तिचा मानही तिला राखायचा होता, आणि ते बरोबरच.

भटजी यायचे होते. पानं मांडायची होती. गुरुमूर्तीरावांनी मुलाला बसवलं आणि सगळं सांगितलं. कॅसेट लपवली ते. अंत्यविधीला खोटं बोललो ते. आई म्हणाली होती, सुनेला घेऊन ये, ते. त्यांच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल, हे मी शेजारी उभा राहून पाहिलं. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना मान देतो.

श्रीवत्स म्हणाला, "दाखवा."

मी कॅसेट लावली.

हॉल. टेबल. पाठ. दारात कोणी नाही. पंख्याची घरघर, तिच्याखाली काही नाही. शनिवारची रात्र आली. खुर्चीमागे कोणी नाही. मी स्पीकर होता तेवढा मोठा केला. म्हातारा पुटपुटतोय, फोन करतोय, एवढंच. मग रिकामी खाट आणि तो आवाज. पुरे आतां, अलमेलू. तो यायचा नाहीं.

"काल रात्री होती ती," मी म्हटलं. "आम्ही दोघांनी पाहिली. देवाशपथ."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. विकत घेतलेल्या साक्षीदाराकडे बघतात तसं. मग वडिलांकडे वळला.

"अप्पा, दहा मिनिटं तुमची पाठ दाखवलीत. आणि शेवटी, मी यायचा नाही म्हणून तिला सांगताना तुमचा आवाज. हे दाखवायला बोलावलंत?"

"ती म्हणाली होती रे. विजयलक्ष्मीस आण म्हणाली."

"तेव्हा नाही म्हणालात. आज हो म्हणता. आज तुम्हांस गरज आहे, अप्पा."

तो उठला. कपाळावर आडवी चिरी असलेल्या आईच्या फोटोला नमस्कार केला, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागला. बाप दारात उभा राहून हाका मारत होता. त्यानं मागे पाहिलं नाही. ते वळण घराण्यातच असावं.

गुरुमूर्तीराव पुढे दीड वर्ष जगले. श्रीवत्स तो जिना पुन्हा चढला नाही, आणि विजयलक्ष्मीला कोणी पुन्हा बोलावलं नाही. शेवटी शेवटी ते खुर्ची भिंतीला टेकवून बसायचे. पाठीमागे जागा ठेवायची नाही म्हणून, की आता तरी समोर दिसावी म्हणून, कोण जाणे. मी विचारलं नाही.

पण त्या सकाळचं संपलं नाही अजून. म्हाताऱ्यानं कॅसेट माझ्या हातात कोंबली, ही तरी द्या त्यास, म्हणाले. म्हणून मी श्रीवत्सच्या मागोमाग धावत खाली उतरलो.

गाडी सावलीत उभी होती. काचा वर, एसी चालू, दारं आतून बंद. विजयलक्ष्मी सीट मागे करून झोपली होती. पहाटे पाचला उठून निघाले होते बिचारे. श्रीवत्सनं काचेवर टकटक केलं. ती दचकून उठली आणि दार उघडलं.

"एन्नाच्चु?" तिनं विचारलं. काय झालं?

श्रीवत्स तिच्या तोंडाकडे बघत होता.

"कोण आलं होतं इथे?" त्यानं तमिळमध्ये विचारलं.

"कोणी नाही. मी झोपले होते. का?"

तिची टिकली कपाळावर नव्हती. ती समोरच्या काचेला आतून चिकटवून ठेवलेली होती, बायका आरशाला चिकटवतात तशी. श्रीवत्सनं हात पुढे केला आणि बोटाचं टोक तिच्या कपाळाला लावलं. बोट लाल झालं. ते बोट तो माझ्यासमोर धरून उभा राहिला.

मी वाकून पाहिलं. भुवयांच्या मधे कुंकवाची आडवी चिरी होती. बोटानं ओढलेली, डावीकडून उजवीकडे, जुन्या मराठी बायका ओढतात तशी. चेन्नईत आता अशी कोणी लावत नाही.

अजून ओली होती.